मोत्याचे दहा तास: वाड्यातून अकराव्या मजल्यावर

फोन आला तेव्हा बाई बँकेच्या जिन्यात उभ्या राहून बोलत होत्या. मागे कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. "ताई, आमचा कुत्रा सूड घेतोय आमच्यावर," त्या म्हणाल्या. "घर बदललं म्हणून."

कुत्र्यांच्या वागणुकीच्या तक्रारी सोडवणं हे माझं काम. सूड हा शब्द मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. यावेळी मात्र दुसरा भाग कानात राहिला, घर बदललं म्हणून. त्या कुटुंबाच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नवराबायकोची नावं देत नाही. मोत्याचं नाव खरं आहे, त्याने हरकत घेतलेली नाही.

शनिवार पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला आणि मे महिन्याच्या मध्यावर या घराने वाकडला अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, अकरा महिन्यांच्या करारावर. मिस्टर हिंजवडीला आयटीत. आठवड्याचे तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. बाई लक्ष्मी रोडवरच्या बँकेत, म्हणजे त्यांना आता उलटा प्रवास. मूलबाळ नाही. मोत्या पाच वर्षांचा, गावठी, अठरा किलो, पिल्लू असताना मंडईजवळ हातगाडीखाली सापडलेला. नसबंदी झालेली, लसी वेळेवर. वाड्यात पाच वर्षांत त्याच्याबद्दल एकही तक्रार नव्हती.

नव्या घरी नवव्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या रडण्याचं रेकॉर्डिंग आलं. दाराच्या खालच्या कोपऱ्याचं लॅमिनेट सोलून निघालं होतं, पुढच्या पायाचं एक नख मुळापासून तुटलं होतं, दारापाशी रोज मुताचं थारोळं. सेक्रेटरींचं पत्र आलं की कुत्रा लिफ्टने नेऊ नये, न्यायचा तर महिन्याला पाचशे रुपये भरावेत. मी पोचेपर्यंत घरच्यांनी त्यांच्या परीने उपाय केले होते. लोखंडी पिंजरा आणला, त्याच्या गजांवर मोत्याने सुळा तोडून घेतला. कुणीतरी गळ्यात काटेरी पट्टा घालायला सांगितलं, तो सुदैवाने बाईंना बघवला नाही. एका शेजाऱ्यांनी दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवा असा सल्ला दिला. अकराव्या मजल्यावर! शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवलं नाही तर तो मालकाचा गुन्हा, असं कलम 11 मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. हे वाचून लोक दचकतात. त्यांना वाटतं कायदा फक्त मारहाणीबद्दल बोलतो.

"आम्ही घरात शिरलो की मान खाली घालून सोफ्यामागे जातो," मिस्टर म्हणाले. "म्हणजे चूक कळते ना त्याला?" या प्रश्नावर एक छान प्रयोग झालेला आहे. 2009 साली कुत्र्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी तो केला. काही कुत्र्यांनी मनाई केलेला खाऊ खाल्ला होता, काहींनी नव्हता, पण मालकाला दरवेळी खरंच सांगितलं जात नव्हतं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर, मग कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो. न खाता बोलणी बसलेल्यांचा चेहरा तर उलट जास्तच पडला. मोत्याही दाराकडे बघून नव्हे, मिस्टरांच्या कपाळाकडे बघून सोफ्यामागे जात होता.

मी पहिल्या भेटीत कुत्र्याला फारसं काही करत नाही. जुना मोबाईल मागते आणि चपलांच्या रॅकवर दाराच्या दिशेने लावून ठेवायला सांगते. मंगळवारचं चित्रण आम्ही तिघांनी बसून पाहिलं.

8:50 ला दार लागतं. मोत्या दाराकडे तोंड करून उभा आहे. शेपटी हलत नाही. बाहेर लिफ्टचं टिंग वाजतं, कान ताठ होतात, लिफ्ट निघून जाते, कान पडतात. 8:54 ला बारीक कुंईकुंई. 8:58 ला पंजे, आणि तेही दाराच्या त्याच कोपऱ्यात, जिथून पॅसेजचा उजेड फटीतून आत येतो. 9:07 ला तो मान वर करून ओरडतो. तीन लांब सूर, मग गप्प राहून ऐकणं, मग पुन्हा तीन. कुणी उत्तर देतंय का ते बघावं तसं. पुढे पाऊण तास हॉल, दार, स्वयंपाकघर, दार अशा येरझाऱ्या. फरशीवर लाळेचे थेंब चमकताना दिसतात. 10:40 ला वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं आणि तो रॅकखाली घुसतो, त्यामुळे काही वेळ पडद्यावर फक्त शेपटीचं टोक.

या सगळ्या वेळात मधोमध एक पोळी पडलेली आहे. तूप लावून, चौकोनी घडी घालून बाईंनी निघताना ठेवलेली. तो तिच्यावरून चार वेळा गेला, एकदा पाय पडला, हुंगली नाही. 6:40 ला मिस्टर आत आले आणि त्यांच्या पायांशी उड्या मारून झाल्यावर मोत्याने ती पोळी दोन घासांत संपवली.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा ती पोळी. कंटाळलेला कुत्रा आधी खातो आणि मग चप्पल फाडतो, उशी फाडतो, हाताला लागेल ते फाडतो. घाबरलेल्याच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तो फाडतो ते बाहेर पडायची वाट, दार नाहीतर खिडकी. शिवाय पहिल्या अर्ध्या तासात सगळं सुरू झालेलं. ही सेपरेशन अँग्झायटी, एकटं राहण्याची दहशत. डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासून घेतलं, मूत्रमार्गाचा संसर्ग नव्हता. नख भूल देऊन काढावं लागलं.

आता इथवर प्रकरण नेहमीचं. मला अडलं ते पुढे. मी विचारलं, "वाड्यात असताना तुम्ही दोघं किती वेळ बाहेर असायचात?" बाई म्हणाल्या, "इतकाच. उलट तेव्हा ह्यांना हिंजवडीहून यायला आठ वाजायचे." मग पाच वर्षं जो कुत्रा रोज दहा तास एकटा राहिला तो नवव्या दिवशी दार का खातो?

मी एक कोरा कागद दिला आणि वाड्यातला मोत्याचा दिवस तासातासाने लिहून काढायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: सकाळी फिरणं, संध्याकाळी फिरणं. मधलं त्यांना माहीतच नव्हतं, कारण ते तेव्हा ऑफिसात. मग बाईंनी वाड्यातल्या जुन्या शेजारणींना फोन केले आणि कागद भरत गेला. साडेनऊला ओट्यावर आजी निवडायला बसायच्या, मोत्या त्यांच्या सुपाशेजारी. अकराला दूधपोळी, ही आजींची. बाराच्या सुमारास शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर, कारण तिथे ऊन येत नाही. साडेबाराला शाळेतून पोरं. दुपारी जिन्याखाली झोप, आणि जिन्याखालच्या खोलीतल्या काकूंचा रेडिओ. चारला चहाची पोळी, ही शिंप्याची. अधूनमधून नळावरची भांडणं. एकटा किती? काकूंनी हिशेब केला, "कुणी गावाला गेलं असलं तर अर्धा तास असेल."

म्हणजे तो दहा तास एकटा कधी राहिलाच नव्हता. नोकरी करणारी माणसं कुत्रा पाळतात तेव्हा कुणीतरी त्याचा दिवस सांभाळत असतं, पगारी किंवा बिनपगारी. इथे ते काम एक अख्खा वाडा पाच वर्षं फुकट करत होता, आणि सामान हलवताना कपाट, फ्रीज, देव्हारा सगळं मोजलं गेलं, हे मोजायचं राहिलं. पूर्ण वेळ नोकरी आणि कुत्रा जमतं का, हा प्रश्न मला रोज विचारतात. मी विचारते, दुपारी दीड वाजता त्याच्याजवळ कोण असतं?

घर हलवायच्या दिवसाचीही चौकशी केली, कारण तिथेही काहीतरी घडलेलं असतं. पॅकर्सवाले सकाळी सातला आले. मोत्याला चौकातल्या नळाला बांधलं. तिथून त्याने घरातली एकेक वस्तू अनोळखी माणसांच्या खांद्यावरून बाहेर जाताना पाहिली, आणि शेवटी तो स्वतः गेला. त्या दिवशी त्याला ओळखीच्या कुणाच्या तरी घरी ठेवायचं आणि नवं घर लावून झाल्यावर आणायचं, इतकं सोपं होतं ते. त्याहून मला हळहळ वाटली ती गोधडीची. मोत्याची गोधडी बाईंनी आदल्या दिवशी पावडर टाकून दोनदा मशीनला लावली होती, नव्या घरात घाण नको म्हणून. नव्या घरात ओळखीचा वास असलेली ती एकच वस्तू असणार होती, आणि तिला लॅव्हेंडरचा वास येत होता.

मुताचं कोडं मात्र वेगळंच निघालं. मोत्या दारापाशी करायचा ते सकाळचं फिरणं झाल्यावरही. मी त्यांच्याबरोबर खाली गेले. सोसायटीत गेटपासून गेटपर्यंत सिमेंटचे ब्लॉक, कडेला कुंड्या. कुत्री कशावर विधी करायचा ते लहानपणी ठरवतात आणि मग त्यावरून सहज हलत नाहीत. हा वाड्याच्या मातीवर वाढलेला. वीस मिनिटं ब्लॉकवर हिंडून तो जसाच्या तसा वर यायचा आणि भीतीने फुटायचा. गेटबाहेर मोकळा प्लॉट होता, पण तिथे पाच भटक्या कुत्र्यांचं राज्य. नवा गावठी कुत्रा त्यांच्या लेखी घुसखोर. तोडगा दोन भागांत निघाला. पहाटे पावणेसहाला, ती टोळी चहाच्या टपरीपाशी असते तेव्हा, मागच्या गेटने प्लॉटवर. आणि बाल्कनीत एक घमेलं. वाडा पाडायचं काम सुरू व्हायचं होतं, तेव्हा मिस्टर रविवारी जाऊन चौकातल्या औदुंबराखालची माती पोत्यात भरून घेऊन आले. मोत्याने घमेल्याभोवती एक फेरी मारली, नाक खुपसलं, शिंकला, आणि पाय वर केला. दारापाशी पुन्हा कधी थारोळं दिसलं नाही.

एकटेपणाचा उपचार इतका झटपट नाही. तत्त्व सोपं आहे: जितका वेळ कुत्रा घाबरत नाही तितकाच वेळ सोडायचं, आणि तो वेळ हळूहळू वाढवायचा. मोत्याचा हा वेळ मोजला तेव्हा चाळीस सेकंद भरला. मिस्टरांचा चेहरा पडला. "ताई, मला ऑफिसला जायला पन्नास मिनिटं लागतात."

सुरुवात दाराआधीच्या खुणांपासून. बाई साडी नेसून, पर्स अडकवून, किल्ल्या खुळखुळवून सोफ्यावर पेपर वाचत बसायच्या. दिवसातून दहा-पंधरा वेळा. किल्ल्यांचा आवाज झाला की मोत्या आधी उठायचा, आठवड्याने नुसता एक डोळा उघडायला लागला. मग दार उघडून दोन सेकंद, पाच, वीस, परत पाच. मिस्टरांनी एक्सेल शीट केली, रंग भरून. तिसऱ्या आठवड्यात बारा मिनिटं झाली. त्याच आठवड्यात बाई बाहेर असताना लिफ्ट बंद पडली आणि बारा मिनिटांची एकतीस झाली. मोत्या पुन्हा ओरडला, दाराला पंजे लागले, आणि आम्ही पाच मिनिटांवर परत आलो. बाई त्या दिवशी फोनवर रडल्या. हे असं होतंच, आणि हे आधी सांगूनही कुणाला पटत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांचा टप्पा मात्र एकदा ओलांडला की पुढे मोठ्या ढांगा टाकता येतात. सातव्या आठवड्यात चाळीस मिनिटं होती, दहाव्यात अडीच तास.

या काळात कुत्र्याला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त एकटं सोडायचं नसतं, नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी पुसलं जातं. नोकरी करणाऱ्यांची कसोटी इथे लागते. मिस्टरांनी पाच आठवडे घरून काम मागून घेतलं, कारण म्हणून 'घरातलं आजारपण' सांगितलं, जे खोटं नव्हतं. बाईंनी आठ रजा टाकल्या. पाळणाघर एक दिवस करून पाहिलं. मोत्या तिथे नऊ तास फाटकाला नाक लावून उभा राहिला, म्हणून सोडून दिलं. काही कुत्री तिथे मजेत राहतात, हा त्यातला नव्हता.

गोळीबद्दल बरीच ओढाताण झाली. पशुवैद्यांनी फ्लुओक्सेटिन सुचवलं, माणसांना नैराश्य आणि चिंतेवर देतात ते औषध. "वेड्यांची गोळी माझ्या मोत्याला?" असं बाईंच्या आईने सांगलीहून विचारलं. हे औषध कुत्र्याला झोपवत नाही. भीतीचा कडेलोट होण्याआधी त्याला थोडी जागा देतं, म्हणजे शिकवलेलं डोक्यात शिरतं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दहा दिवसांत मोत्याचं खाणं कमी झालं आणि घरात गोळी बंद करायची भाषा झाली, डॉक्टरांनी धीर दिला. याउलट कुणी नुसतं गुंगीचं औषध देतं, तेव्हा अंग लुळं पडतं आणि भीती आत तशीच राहते. मनाने गोळ्या देऊ नयेत, हे इथे वेगळं सांगायला हवं.

या प्रकरणात खरा फरक पाडला तो भांड्याच्या मावशींनी, आणि याचं श्रेय मला घेता येत नाही. त्या थेरगावहून चालत यायच्या, सकाळी साडेसातला. मी सुचवलं की त्यांनी साडेबाराला यावं आणि दीडपर्यंत थांबावं, वर तीन हजार रुपये. मावशींना लहानपणी गावाकडे कुत्रा चावलेला. "मी त्याला हात नाही लावनार," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आन हाकबी नाही मारनार." मी म्हटलं, नकाच लावू. चौथ्या दिवशीच्या चित्रणात त्या भांडी आटपून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भाकरी खायला बसलेल्या दिसतात आणि मोत्या हॉलच्या त्या टोकाला. आठव्या दिवशी अंतर निम्मं. बाराव्या दिवशी भाकरीचा तुकडा फरशीवरून घसरत त्याच्यापर्यंत जातो, फेकणाऱ्या हाताचं तोंड मात्र भिंतीकडे. माझ्या आखणीत भाकरी नव्हती. पुढे मावशी जेवण झाल्यावर पदर डोक्याखाली घेऊन वीस मिनिटं आडव्या व्हायला लागल्या आणि मोत्या हातभर अंतरावर. त्या वीस मिनिटांचे पैसे द्यायचे का, यावर घरात चर्चा झाली. मी म्हटलं, त्या वीस मिनिटांचेच तर द्यायचे आहेत.

सोसायटीचं प्रकरण मिस्टरांना कायद्याने लढवायचं होतं, आणि कायदा त्यांच्या बाजूने होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिचं भाडंही लावता येत नाही. मी म्हटलं, ती प्रत खिशात ठेवा, आधी शेजाऱ्यांचं दार वाजवा. बाजूच्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यांचं बाळ होतं आणि रात्रपाळी करणारा बाप. सकाळी साडेनऊला तो झोपायचा तेव्हाच मोत्याचे तीन सूर. त्याला 2015 च्या सूचना वाचून दाखवल्या असत्या तर मीही त्याच्या बाजूने झाले असते. बाईंनी त्याला चित्रण दाखवलं, दोन महिने मागितले, स्वतःचा नंबर दिला. कुत्रा ओरडला की ग्रुपवर न टाकता थेट त्यांना कळवायचं, असं ठरलं. लिफ्टच्या पत्राला मात्र लेखी उत्तर दिलं, सूचनांची प्रत जोडून, आणि पट्टा, शी उचलायची पिशवी या आपल्या बाजूच्या गोष्टीही त्यात लिहिल्या. पाचशे रुपये पुन्हा कुणी मागितले नाहीत. कुत्रा पाळायच्या परवान्याचं राहून गेलं होतं: जुना परवाना पुणे महापालिकेचा आणि वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, तेव्हा तो नव्याने काढला. घर बदलताना हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दिवाळीत घसरण झाली. फटाके तर होतेच, त्यात मावशी चार दिवस गावी गेल्या, आणि त्याच महिन्यात मिस्टरांच्या ऑफिसने तीनाचे चार दिवस केले. अडीच तासांवरून मोत्या पन्नास मिनिटांवर आला. मला तेव्हा वाटलं होतं की आता हे जमणार नाही, त्याला सांगलीला बाईंच्या आईकडे पाठवा असं सांगावं लागेल. तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मावशींना एक दिवस आधी परत यायची विनंती केली, तिकिटाच्या पैशांसह. डिसेंबरअखेर गाडी पुन्हा रुळावर.

आजची स्थिती अशी. सकाळी 8:50 ते 12:30 मोत्या एकटा, त्यातला बराचसा वेळ झोपून. मग मावशी. दीड ते साडेचार पुन्हा एकटा, आणि साडेचारला तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका त्याला खाली नेतात, त्यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. गोळीचा डोस डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. दाराचा कोपरा घरमालकाला दाखवण्याआधी सुताराकडून करून घ्यायचा आहे.

करार एप्रिलमध्ये संपतोय आणि घरमालकाने भाडं बरंच वाढवून मागितलंय, म्हणजे पुन्हा घर बघणं आलं. परवा दलालाने पुनावळ्याला एक चांगला फ्लॅट दाखवला, भाडं कमी, खाली मोकळी माती, कुत्रा चालेल असं मालकाने स्वतःहून सांगितलेलं. मिस्टरांना आवडला. बाईंनी तिथूनच मावशींना फोन लावला. मावशी म्हणाल्या, "डांगे चौकाच्या पल्याड मला चालत जमनार नाही हो." बाईंनी दलालाला सांगितलं, डांगे चौकाच्या अलीकडचं दाखवा.